‘स्वयं’ कोणाचे, ‘सेवा’ कोणाची?

सेवाभावी काम करणाऱ्यांना सरकारमान्य प्रमाणपत्र द्यावे, त्यांची रीतसर नोंदणी करावी, परीक्षा घ्यावी, श्रेणी ठरवावी आणि स्वयंसेवेला व्यवसायाचा दर्जा द्यावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. सूचना करणारी मंडळी बहुधा भली असतात. ‘एवढे काम करतात बिचाऱ्या, निदान एक कागद तरी हातात असावा,’ असा त्यांचा भाव असतो. आम्हाला या सूचनेवर भांडायचे आहे. प्रमाणपत्राशी आमचे वैर नाही. पण ते कोणाला, कशाच्या बदल्यात आणि मुख्य म्हणजे कशाच्या ऐवजी दिले जाते, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवायला आम्ही तयार नाही.

अक्कलकोटला जे येऊन गेले आहेत त्यांनी सेवेकरी पाहिले असतील. गुरुवारी, पौर्णिमेला, दत्तजयंतीला वटवृक्ष मंदिराच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. अन्नछत्रात पंगतीमागून पंगती उठतात. तिथे वाढणाऱ्यांत, भाजी चिरणाऱ्यांत, ताटे उचलणाऱ्यांत कोणी रजा काढून आलेला बँकेतला साहेब असतो, कोणी नवस फेडायला आलेली मास्तरीण असते. चार दिवस राबतात, प्रसाद घेतात, समाधानाने घरी जातात. ही सेवा आहे आणि तिला सेवाच म्हणावे. कारण अगदी साधे आहे. पुढच्या गुरुवारी तो साहेब आला नाही तर त्याला कोणी नोटीस धाडत नाही. त्याच्या घरची चूल त्या सेवेवर पेटत नाही. त्याला प्रमाणपत्र दिले काय, न दिले काय, फरक पडत नाही. दिलेच तर तो दिवाणखान्यात लावील.

आता त्याच गावच्या स्टँडवरून एस. टी. पकडा आणि मैंदर्गी, दुधनी, नागणसूर, वागदरी, कुठल्याही रस्त्याला लागा. प्रत्येक गावात आणखी एक सेवेकरीण भेटेल. गणवेशाची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत बाळाला तोलायचा काटा आणि झोळी, थर्मामीटर, गोळ्या आणि वह्याच वह्या. हजार लोकवस्तीमागे एक, असा तिचा हिशेब. सरकारी कागदावर तिचे नाव ‘आशा स्वयंसेविका’. महाराष्ट्रात अशा सुमारे ७० हजार आहेत, देशात सुमारे १० लाख. ही बाई ‘उद्या मी येणार नाही’ असे म्हणू शकते का? पोलिओचा रविवार आहे, जंतनाशक गोळ्यांचा दिवस आहे, कुष्ठरोगाची शोधमोहीम आहे, क्षयरोगाची आहे, मोबाइलवर माहिती भरायची आहे, रात्री दोन वाजता कोणाला कळा सुरू झाल्या आहेत. तिने एकदा नाही म्हणून पाहावे. विचारणा होते, अहवालात नाव येते, मोबदला कापला जातो, काम काढून घेण्याची भाषा होते.

ज्या कामाला मनात आले की नाही म्हणता येते ती स्वयंसेवा. ज्याला म्हणता येत नाही ती नोकरी. मग तिला नाव काहीही द्या. आमची कसोटी एवढीच आहे आणि या लेखातले पुढचे सारे भांडण तिच्यावरच उभे आहे.

मान्यता तर नावातच आहे!

गंमत पाहा. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात या बाईचा जन्म झाला. ‘आशा’ ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत : अक्रेडिटेड सोशल हेल्थ अ‍ॅक्टिव्हिस्ट. यातला पहिलाच शब्द ‘अक्रेडिटेड’, म्हणजे मान्यताप्राप्त. शेवटचा ‘अ‍ॅक्टिव्हिस्ट’, म्हणजे कार्यकर्ती. चारांपैकी एकाही शब्दाचा अर्थ स्वयंसेविका असा होत नाही. पण मराठीत येता येता ‘मान्यताप्राप्त’ वाटेत गळून पडली, ‘कार्यकर्ती’ही गळाली आणि फलकावर उरली ती ‘स्वयंसेविका’. हा भाषांतरकाराचा दोष म्हणावा तर तेही नाही. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांतच म्हटले होते की ती मानद स्वयंसेविका राहील, तिला पगार नाही की ठरावीक मानधन नाही, जसे काम तसा मोबदला. म्हणजे मान्यता देणाऱ्या हातानेच तिचे कामगारपण काढून घेतले होते. मराठीने फक्त खरे बोलून टाकले.

पुढे मान्यतेचा पाऊसच पडला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची योजना निघाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. नावात मान्यता, परीक्षेचे प्रमाणपत्र, वर जिनीव्हाचा गौरव. एवढी मान्यता एखाद्या कलेक्टरच्या वाट्यालाही येत नसेल. ज्यांना वाटते की स्वयंसेविकांचा प्रश्न प्रमाणपत्राने सुटेल, त्यांनी या दहा लाख प्रमाणित बायकांकडे पाहावे. वीस वर्षे हा प्रयोग चालू आहे.

तिच्या कामातले एकच काम घेऊ. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाने बाळाला पाहायला जायचे : तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. बाळाचे वजन करायचे, अंगाचा ताप पाहायचा, नाळ पिकली आहे का बघायचे, अंगावर नीट पिते का बघायचे, मिनिटाला श्वास मोजायचे. ते साठाच्या वर गेले की धोका ओळखायचा आणि सासूबाईंचा ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हा विरोध मोडून बाळाला दवाखान्यात न्यायला लावायचे. या साऱ्या भेटी पुऱ्या झाल्या की तिला मिळणारा ठरलेला मोबदला २५० रुपये. भागाकार ज्याचा त्याने करावा. एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. गवंड्याच्या हाताखालच्या बाईला एवढ्यावर बोलावून पाहा.

अक्कलकोट तालुक्यात या हिशेबाला आणखी एक काच आहे. तालुक्याला लागून कलबुर्गी आणि विजयपूर हे कर्नाटकचे जिल्हे. सोयरिकी दोन्हीकडे. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत सगळीकडे आहे, पण इथे माहेर आळंदला, इंडीला, अफझलपूरला असू शकते. इतके महिने जिच्या मागे आशा फिरली, लोहाच्या गोळ्या पोचवल्या, सोनोग्राफीला घेऊन गेली, ती सातव्या महिन्यात माहेरी गेली की राज्यच बदलते. केलेल्या कामाची साखळी तुटते आणि मोबदला साखळी पुरी झाल्यावरचा! ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचेही तेच. काम केले तिने, पण कागदाच्या लेखी ते झालेच नाही.

आणि भाषेचे काय? या तालुक्यातली कितीतरी घरे कानडी बोलतात. सूचना येतात मराठीत, मोबाइलमधले शब्द इंग्रजी वळणाचे, बाळंतीण बोलते कानडी, शेजारच्या गल्लीत उर्दू. या सगळ्यांतून वाट काढत ‘बाळाला पहिला चीक पाजा’ हे पटवून द्यायचे म्हणजे दुभाषाचे काम आहे. परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषा बोलावला तर त्याला तासाप्रमाणे पैसे मोजतात. या बाईच्या भाषेला कोणत्या रकान्यात जागा आहे? ती बोलायला ‘जात्याच’ येते ना, मग तिचे पैसे कशाचे! बाईला जे येते ते तिला जात्याच येते, आणि पुरुषाला जे येते ते त्याने कष्टाने शिकलेले असते. स्वयंपाकापासून हे आपण ऐकत आलो आहोत.

हे जात्याच येत नाही. ही विद्या आहे आणि ती शिकवून येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. ३९ गावांत त्यांनी घरोघर काम केले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पुढे सरकारने त्याच कामावरून घरोघर भेटींचा कार्यक्रम देशभर आशांवर सोपवला. शोधाला मान मिळाला, पद्धतीला मान मिळाला. पद्धत जिच्या पायांनी चालते तिला २५० रुपये.

विडीची छाट आणि आशाची वही

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांना विडीचे उदाहरण लगेच कळेल. विडी वळणारी बाई घरी बसून काम करते. तिला घड्याळ नाही, मुकादम डोक्यावर उभा नाही, पाने-तंबाखू घेऊन येते आणि हजार विड्या वळून देते. कारखानदार वर्षानुवर्षे म्हणत राहिले की ही आमची कामगार नव्हेच, आपल्या मर्जीने, आपल्या सोयीने काम करणारी बाई आहे. ‘मर्जी’ हा शब्द लक्षात ठेवा. शेवटी १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांनाही भविष्यनिर्वाह निधी लागू होतो असा निकाल दिला. त्यातला युक्तिवाद फार मोलाचा आहे. मालक डोक्यावर उभा नसेना का, पण वळून आणलेल्या विड्यांतून नापसंत विड्या बाजूला काढायचा, म्हणजे आपण ज्याला छाट म्हणतो ती काढायचा अधिकार त्याला आहे ना? मग तिच्या कामावर त्याचा ताबा आहे, आणि ताबा आहे म्हणजे ती त्याची कामगार आहे.

आता ही कसोटी आशाला लावा. तिची वही कोण तपासते? मोबदल्याच्या कागदावर सह्या कोणाच्या लागतात? अपुऱ्या भेटी कोण बाद करते? कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीत, कोणत्या रकान्यात काय भरायचे हे कोण ठरवते? छाट काढण्याचा पूर्ण अधिकार सरकारकडे आहे. फरक इतकाच की विडी कारखानदाराला कायद्याने ओढत आणता आले, आणि इथे कारखानदार स्वतःच कायदा करणारा आहे.

न्यायालयांनीही या प्रश्नावर दोन तोंडांनी बोलून झाले आहे. अंगणवाडी सेविकांच्या प्रश्नात, शेजारच्या कर्नाटकातूनच गेलेल्या अमीरबी खटल्यात, डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की सेविकांचे पद हे सरकारी पद नव्हे. १९७५ पासून जी योजना चालली, जिच्यात बायकांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, तिच्यातले काम पदच नाही! मग २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातच्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने म्हटले की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळालीच पाहिजे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने त्यांच्यावर कायदेशीर कर्तव्ये टाकली आहेत, त्यामुळे त्यांना तात्पुरत्या, मानसेवी समजता येणार नाही, आणि त्यांचे मानधन हे वेतनच आहे, असा त्या निकालाचा रोख होता. हे वाक्य प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवावे असे आहे. मानधन हे वेतनच आहे.

हे सांगायला न्यायालयाची वाट पाहायची गरज नव्हती. मे २०१३ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांच्या मिळून झालेल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांमध्ये काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, निवृत्तिवेतन द्या, अशी शिफारस केली होती. त्यानंतर सरकार बदलले, शिफारस फायलीत राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कामगार कायदे जाऊन चार संहिता आल्या. त्यात मोबाइलवरून घरपोच जेवण पोचवणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, आणि ती हवीच होती. आशाची व्याख्या मात्र नाही. जेवण पोचवले तर कामगार, बाळाला आणि आईला दवाखान्यात पोचवले तर स्वयंसेविका.

सेवक होतो तेव्हा आणि सेविका होते तेव्हा

‘सेवा’ या शब्दाचे लिंग बदलले की त्याचा भाव कसा उतरतो पाहा. गावात ग्रामसेवक असे. तो सेवक होता, पण त्याला वेतनश्रेणी होती, रजा होती, बदली होती, निवृत्ती होती. २०२४ साली तर राज्याने त्याचे नाव बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले. सेवक म्हणवून घेणे कमीपणाचे वाटले, शब्द गेला. अंगणवाडीतली मात्र अजून सेविकाच. कोणी म्हणेल, आरोग्य उपकेंद्रातली आरोग्यसेविकाही बाईच आहे, पण तिला पगाराची श्रेणी आहे. बरोबर. आणि तिथेच आमच्या म्हणण्याचा कणा आहे. आरोग्यसेविकेचे प्रमाणपत्र हे नोंदणीचे प्रमाणपत्र आहे. त्याच्यामागे परिचर्या परिषद आहे, १९४७ चा कायदा आहे, भरतीचा नियम आहे. त्या कागदाशी पद जोडलेले आहे.

हे आपोआप घडले नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, तेव्हा परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे कुलीन बाईचे काम मानले जात नव्हते. संस्थेच्या नावात ‘सेवा’ होती, पण शिकून बाहेर पडलेल्या बाईने फुकट राबावे असा त्यांचा हेतू नव्हता. तिने आपल्या पायावर उभे राहावे, भावा-दिराच्या दारात ताटकळू नये, हाच हेतू होता. सेवेतून व्यवसाय काढणे म्हणजे काय, हे आमच्या आज्या-पणज्यांना नीट ठाऊक होते. आम्हीच शंभर वर्षांनी उलटे, व्यवसायातून सेवा काढायला निघालो आहोत.

उलट ज्या कागदाशी पद आणि पगार जोडला नाही त्याचे काय होते? सुईणीला विचारा. कितीतरी वर्षे सरकारने सुइणींना प्रशिक्षण दिले, ‘प्रशिक्षित दाई’ म्हणून नोंदले, ब्लेड-दोऱ्याची पेटी दिली. मग धोरण फिरले, २००५ नंतर सगळा भर दवाखान्यातल्या बाळंतपणावर आला. धोरण चूक होते असे आम्ही म्हणत नाही; त्यामुळे बायका वाचल्या. पण प्रशिक्षित दाईला कोणी सांगितले का, की बाई, तुझी तीस वर्षांची नोकरी संपली, हे घे तुझे निवृत्तिवेतन? नोकरी नव्हतीच, तर संपणार काय! साधे मान्यतेचे कागद असे एका रात्रीत रद्दी होतात. पगारी पद रद्द करायला निदान कोणाला तरी सही करावी लागते.

प्रमाणपत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. प्रमाणपत्र दार उघडते तसे दार लावतेही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले, त्याचा पाया गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. त्यांनी गरोदर बायका तपासल्या, मुलांचे कुपोषण हटवले, कुष्ठरोग्यांना गावात परत आणले, आणि जग ते पाहायला जामखेडला आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका आज आशाच्या निवडीला उभ्या राहिल्या तर शिक्षणाच्या अटीवरच बाद होतील. आधी आठवीची अट, मग दहावी. अंगणवाडीला आता बारावी. शिक्षण नको असे कोण म्हणेल? पण ज्या बायांना शाळेतून आपणच काढून घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला बसवले, त्यांच्याकडे चाळिसाव्या वर्षी दाखला मागायचा, याला काय म्हणावे!

ही गोष्ट आम्हा संघटनावाल्या बायकांच्याही घराजवळची आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दहाव्या कलमात सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणली. चांगले झाले, नोंदलेल्या संस्थेच्या अहवालाला वजन आले. पण समुपदेशनाची जागा निघाली की पदवी विचारली जाते. मारहाण झालेल्या बाईला रात्री आपल्या घरात झोपवणारी, पोलीस चौकीत हवालदाराशी हुज्जत घालणारी, सासरच्यांना तोंड देणारी वस्तीतली कार्यकर्ती अर्जच करू शकत नाही. तिच्याकडून शिकलेली मुलगी पदवी घेऊन तिची साहेब होते. त्या मुलीचा राग नाही. पण वीस वर्षांचा अनुभव मोजायची मोजपट्टी ज्या मान्यतेत नसेल ती मान्यता शहरातल्या, वरच्या जातीच्या, शिकलेल्या बायकांचीच राखीव जागा होऊन बसते.

‘पैसे घेतले तर भाव राहत नाही’

हा आक्षेप हमखास येतो. बहुधा ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याच्याकडून. भटजीला दक्षिणा चालते, कीर्तनकाराला बिदागी चालते, वकिलाला फी, आमदाराला भत्ता. कोणाचाही भाव त्याने कमी होत नाही. फक्त आशाने मोबदला मागितला की भाव नासतो. खरे तर जिला आपल्या मुलाची फी कशी भरायची याची चिंता नाही तीच दुसऱ्याच्या बाळाकडे शांतपणे पाहू शकते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. दहा लाख बायकांना पगार द्यायचा तर पैसा कुठून आणायचा? ब्राझील काही अमेरिकेसारखा श्रीमंत देश नाही. तिथल्या वस्त्यांमध्ये घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना २००६ साली घटनादुरुस्ती आणि कायदा करून रीतसर नेमणुकीचा हक्क मिळाला आणि २०२२ च्या घटनादुरुस्तीने त्यांचे वेतन किमान वेतनाच्या दुपटीहून कमी असणार नाही असे ठरले. ते दूर वाटत असेल तर पाकिस्तान घ्या. तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर्स’ रस्त्यावर उतरल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१२ नंतर त्यांना सेवेत कायम करण्याचे पाऊल पडले. ज्या जागतिक आरोग्य संघटनेचा पुरस्कार आपण मिरवतो, तिच्याच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र द्या असे म्हटले आहे, पण त्याच दमात कामाच्या मानाने वेतन द्या, लेखी करार करा आणि निव्वळ कामागणिक मोबदल्यावर ठेवू नका, असेही म्हटले आहे. आपल्याकडे पहिली शिफारस वाचली जाते आणि पान उलटले जाते.

तिसरा आक्षेप आमच्या मैत्रिणींचाच आहे आणि तो जड आहे. त्या म्हणतात, सरकारी नोकर झाली की ती सरकारची होईल, गावाची उरणार नाही. कार्यकर्ती मरेल, कारकून उरेल. या भीतीत तथ्य आहे. पण आज ती कोणाची आहे? रोजचे रकाने भरताना, मोबदल्याच्या सहीसाठी थांबताना, तिला गावाची होऊन वरच्या साहेबाला जाब विचारायची किती मुभा आहे? कामागणिक पैशावर जगणारी बाई सर्वांत आधी गप्प बसते. बोलायचे तर पायाखाली जमीन लागते.

आणि जमीन मिळवायची कशी, हे आशांनी स्वतःच दाखवले आहे. १८ ऑक्टोबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. नोव्हेंबरात ७ हजार रुपयांच्या वाढीची घोषणा झाली, दिवाळीची भेटही जाहीर झाली. आदेश निघेना. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. आझाद मैदानावर पोरेबाळे घरी ठेवून बायका बसल्या. मार्च २०२४ मध्ये वाढ मिळाली ती ५ हजारांची. केंद्राने दरमहाची ठरावीक रक्कम २०१८ साली २ हजार केली होती, ती ३,५०० करण्याचा निर्णय व्हायला २०२५ उजाडले. जिनीव्हाच्या पुरस्काराने यातला एक रुपयाही आणला नाही. आणि एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही : ज्या स्वयंसेविका आहेत त्या संपावर कशा जाऊ शकतात? सेवेकरी संप करतो का? सरकारने त्यांच्याशी वाटाघाटी केल्या, त्यांना कामावर परत या म्हणून बजावले, त्याच क्षणी त्या कामगार असल्याचे कबूल करून झाले होते.

म्हणून स्वयंसेवकांच्या मान्यतेची मागणी करणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की आधी दोन याद्या करा. ज्यांना नाही म्हणता येते त्यांची एक, ज्यांना येत नाही त्यांची दुसरी. पहिल्या यादीला आभार माना, हवे तर प्रशस्तिपत्र द्या. दुसऱ्या यादीतल्या बाईला देण्याच्या कागदावर तिचे पद, किमान वेतनाहून कमी नसलेली रक्कम, रजा, अपघात आणि म्हातारपणाची तरतूद लिहिलेली असली पाहिजे, आणि ज्या बायका आधीपासून काम करीत आहेत त्यांच्या अनुभवाची परीक्षा त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत, म्हणजे अक्कलकोटात कानडीतही, घेतली पाहिजे. तिच्या तोंडी परीक्षेला शेरा देणारी निदान एक तरी बाई स्वतः गल्लीबोळ फिरलेली असावी.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि सीमेपलीकडच्या गावांतल्या ज्या आशाताई, सेविका, मदतनीस, बचत गटांच्या मानधनावरच्या कार्यकर्त्या हा अंक वाचतील, त्यांनी येत्या महिन्यात एक साधी वही घालावी. सरकारी नव्हे, आपली. दिवसाला एक ओळ. घरातून कधी निघालात, परत कधी आलात, कोणी बोलावले, नाही म्हणता आले असते का, त्या दिवसाचे किती मिळाले आणि गाडीभाड्याला पदरचे किती गेले. मराठीत लिहा, कानडीत लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. नाव घालायची गरज नाही, गावाचे नावही नको. वह्या आमच्याकडे आल्या की ‘नाही म्हणता आले असते का’ हा रकाना आम्ही जसाच्या तसा छापू.